मुलाखतीतला प्रश्न नेमका कशासाठी विचारतात? समोरच्याची काळजी ओळखा, मग उत्तर तयार करा

मुलाखतीला येणारी बहुतेक मुलं उत्तरं पाठ करून येतात. हा प्रश्न आपल्याला का विचारला जातोय, याचा विचार करून येणारी फार थोडी असतात. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत भरतीच्या पॅनेलवर मी बरीच वर्षं बसतोय. काम उत्तम येणारा मुलगा केवळ प्रश्नाचा रोख न कळल्यामुळे मागे पडला की जीव तुटतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय, मुख्यतः डिप्लोमा किंवा बी.ई. झाल्यावर पहिली-दुसरी नोकरी शोधणाऱ्यांसाठी. उदाहरणं कारखान्यातली आहेत, पण मुलाखत हिंजवडीच्या आयटी कंपनीत असली तरी प्रश्नांमागची कारणं फारशी बदलत नाहीत.

निवड करणारा माणूस खुर्चीत बसतो तेव्हा त्याच्या मनात धास्ती असते ती चुकीचा माणूस घेण्याची. तसं झालं तर काही महिने शिकवण्यात जातात, शिकलेला माणूस सोडून जातो, जागा पुन्हा रिकामी होते, पुन्हा मंजुरी घ्या, पुन्हा सीव्ही चाळा. तोवर त्याची शिफ्ट बाकीच्यांनी ओढायची आणि कस्टमरची तक्रार आली की उत्तर डिपार्टमेंट हेडने द्यायचं. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक प्रश्नाच्या पोटात एखादी ठरावीक काळजी असते. उत्तर त्या काळजीला द्यायचं असतं.

पायरी १: जाहिरातीतूनच काळज्या शोधून काढा

समजा जाहिरात अशी आहे: ‘क्वालिटी इंजिनिअर, मशीन शॉप, अनुभव २ ते ४ वर्षं, कस्टमर कंप्लेंट हाताळता यावी, तिन्ही शिफ्टची तयारी, ताबडतोब रुजू होणाऱ्यास प्राधान्य.’

ही ओळ घेऊन वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे जाहिरातीतले शब्द लिहा, उजवीकडे ‘हे का लिहावं लागलं असेल?’ याचं उत्तर. ‘कस्टमर कंप्लेंट’ असं वेगळं लिहिलंय म्हणजे तक्रारी येताहेत आणि त्यांची उत्तरं वेळेत जात नसावीत. ‘तिन्ही शिफ्ट’ म्हणजे रात्रपाळीला कोणीतरी नकार दिलेला असू शकतो. ‘ताबडतोब रुजू’ म्हणजे जागा आजही रिकामी आहे आणि कोणीतरी दोघांचं काम करतंय. हे अंदाजच असतात, एखादा चुकेलही. पण मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या निम्म्याअधिक प्रश्नांची बीजं या उजव्या रकान्यात सापडतात. प्रत्येक काळजीसमोर स्वतःच्या कामातला एक पुरावा लिहा. जिथे पुरावाच नाही, ती जागा मोकळी ठेवा. त्या प्रश्नाची तयारी सगळ्यात जास्त करायची आहे.

पायरी २: विचारतंय कोण, ते बघा

एकच प्रश्न दोन माणसं दोन कारणांसाठी विचारतात. एचआरला तुम्ही पगाराच्या ठरलेल्या पट्ट्यात बसता का, कागदपत्रं सरळ आहेत का, रुजू होतो म्हणून सांगून ऐनवेळी फोन बंद करणार नाही ना, हे बघायचं असतं. डिपार्टमेंट हेडला तुमच्याबरोबर रोज काम करायचं आहे. याच्या मागे मला किती लागावं लागेल, हा त्याचा खरा प्रश्न. प्लँट हेड शेवटी दहा मिनिटं बोलतो तेव्हा तांत्रिक गोष्टी बहुधा संपलेल्या असतात. तो बोलण्यातला सरळपणा आणि पुढे टीम सांभाळण्याची कुवत चाचपतो.

त्यामुळे ‘सध्याची नोकरी का सोडताय?’ याला एचआरसमोर स्थिरतेच्या अंगाने उत्तर द्या, डिपार्टमेंट हेडसमोर कामाच्या अंगाने. गोष्ट एकच, खरीच. वजन कुठे द्यायचं ते बदलायचं.

पायरी ३: नेहमीचे प्रश्न आतून समजून घ्या

‘स्वतःबद्दल सांगा.’

याचं पाठ केलेलं उत्तर मला तोंडपाठ झालंय: माझं नाव अमुक, मी तमुक गावचा, वडील शेती करतात, आई गृहिणी, मला क्रिकेटची आवड आहे. लातूर, बीड, सोलापूर, जळगावकडची मुलं हे इंग्रजीत घोकून येतात, कारण कॉलेजात तसंच शिकवलेलं असतं. यात गैर काही नाही, पण विचारणाऱ्याला हवं ते यात सापडत नाही. बहुतेक वेळा त्याने तुमचा सीव्ही नुकताच हातात घेतलेला असतो. आधीच्या मीटिंगमधून उठून तो आलेला असतो. पुढचा अर्धा तास कशाबद्दल बोलायचं, हे तुमच्या तोंडून कळावं एवढ्यासाठी तो हा प्रश्न विचारतो. म्हणजे पुढचे प्रश्न कुठे वळवायचे याची संधीच तो तुम्हाला देत असतो.

दीड-दोन मिनिटांत तीन गोष्टी सांगा: आत्ता काय काम करता, त्यातलं कोणतं काम स्वतःच्या हाताने नीट केलंत, आणि या जागेशी त्याचा संबंध काय. उदाहरणार्थ: ‘मी गेली दोन वर्षं टर्निंग सेक्शनला इन-प्रोसेस इन्स्पेक्शन (उत्पादन चालू असतानाची तपासणी) बघतो. बोअर (पार्टमधलं छिद्र) आणि फेस रनआउटच्या रिजेक्शनवर मी सेटरबरोबर (मशीन लावून देणाऱ्याबरोबर) बसून काम केलं. तुमच्या जाहिरातीत कस्टमर कंप्लेंटचा उल्लेख आहे. आमच्याकडे तक्रार आली की सुरुवातीची तपासणी आणि माल वेगळा काढणं माझ्याकडे असतं.’ एवढं झालं की पुढचा प्रश्न बोअरवरच येतो. तुमच्या ओळखीच्या मैदानावर.

फ्रेशर असाल तर प्रोजेक्ट किंवा अप्रेंटिसशिप सांगा. प्रोजेक्ट चौघांचा असेल तर तुम्ही नेमकं काय केलंत, तेवढंच.

‘एखादी अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलंत ते सांगा.’

मुलाखतीतला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. ‘अडचण आली तर काय कराल?’ असं विचारलं की कोणीही आदर्श उत्तर देतो. ‘काय केलंत?’ म्हटलं की घडलेलं सांगावं लागतं. निवडीच्या पद्धतींवरच्या संशोधनाचाही कल इकडेच आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता, आणि २०२२ मध्ये पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी ते आकडे नव्याने तपासले. या फेरतपासणीत, सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देण्याची मुलाखत पुढच्या कामाचा अंदाज देण्यात सर्वांत वरच्या क्रमांकावर आली. पॅनेलमधला माणूस मान खाली घालून तक्त्यावर काहीतरी लिहीत असेल तर घाबरू नका, तो हेच करत असतो. उलट गाजलेली कोडी, म्हणजे बसमध्ये किती चेंडू मावतील वगैरे, निरुपयोगी ठरल्याचं गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्झ्लो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीरपणे सांगितलं होतं.

आता उत्तर जवळून बघू. बहुतेक जण म्हणतात, ‘रिजेक्शन वाढलं होतं, आम्ही रूट कॉज काढला आणि कमी केलं.’ वाक्य बरोबर आहे, पण यात माणूस दिसत नाही. हीच गोष्ट अशी सांगता येते:

‘सेकंड शिफ्टमध्ये साडेसहाच्या सुमाराला एअर गेजवर (हवेच्या दाबाने माप घेणाऱ्या उपकरणावर) बोअरचं रीडिंग खालच्या मर्यादेकडे सरकताना दिसलं. मोजलेले पीस अजून ओके होते, पण कल एकाच दिशेला होता. ऑपरेटरला सांगून मशीन थांबवलं आणि मागचा तपासलेला ओके पीस कुठला ते नोंदीत पाहिलं. त्यानंतरचे सगळे पीस लाल बिनमध्ये काढून शंभर टक्के तपासले. त्यात काही खरंच मर्यादेबाहेर निघाले. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) काढला तर तो झिजलेला होता. शिफ्ट बदलताना टूल लाइफचा काउंटर रीसेट झाला होता, त्यामुळे इन्सर्ट ठरलेल्या संख्येच्या पुढे चालला होता. नवीन इन्सर्ट, ऑफसेट, फर्स्ट पीस अप्रूव्हल, मग मशीन सुरू. दुसऱ्या दिवशी सेटरशी बोलून शिफ्ट हँडओव्हरच्या वहीत काउंटरच्या आकड्याचा रकाना वाढवला.’

यावर पॅनेल उलटे प्रश्न विचारेल. ‘बाहेर किती निघाले?’ असं विचारलं म्हणजे तुम्ही तिथे खरोखर होतात का, ते बघायचं असतं. ‘मशीन थांबवल्यावर प्रॉडक्शनवाला काय म्हणाला?’ यामागे दबावाखाली तुम्ही माल पुढे सोडाल का, ही काळजी असते. ‘वरिष्ठांना कधी कळवलंत?’ म्हणजे गोष्टी लपवता का. आणि ‘हे पुन्हा झालं का?’ म्हणजे मलमपट्टी केलीत की मुळापर्यंत गेलात. या चार उलट प्रश्नांची उत्तरं आधी तयार असलेला प्रसंगच मुलाखतीत सांगा. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला किस्सा दुसऱ्याच उलट प्रश्नाला उघडा पडतो.

‘तुमच्या हातून झालेली चूक सांगा’ हाही याचाच भाऊ. चूक केव्हा कळली, कोणाला सांगितलीत आणि नंतर पद्धतीत काय बदललं, एवढंच हवं असतं. ‘माझ्या हातून चूक होत नाही’ हे उत्तर ऐकलं की डिपार्टमेंट हेडची काळजी दुप्पट होते, कारण चूक सर्वांच्याच हातून होते आणि हा माणूस ती लपवणार असं त्याला वाटतं. ‘तुमची कमकुवत बाजू कोणती?’ याला ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ म्हणू नका. एक खरी उणीव आणि त्यावर सध्या काय करताय ते सांगा, आणि पुढे चला.

‘नोकरी का सोडताय?’

काळजी अशी की जे कारण तिथे होतं ते आमच्याकडेही निघेल आणि हा इथूनही जाईल. आधीच्या साहेबांची निंदा केली की समोरचा मनातल्या मनात स्वतःला त्या साहेबांच्या जागी बसवून बघतो. पगार कमी पडतो हे कारण लाजिरवाणं नाही, पण ते एकटंच सांगू नका. ‘तिथे मला फक्त इन-प्रोसेसचं काम आहे, कस्टमरच्या बाजूचं काम शिकायचं आहे, आणि घरच्या जबाबदारीमुळे पगारवाढही हवी आहे’ हे प्रामाणिक आहे आणि पटतंही.

‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?’ आणि त्याच्या आसपासचे प्रश्न

हा प्रश्न पुस्तकी वाटतो, पण आपल्याकडे त्याची खास रूपं आहेत. ‘स्पर्धा परीक्षा देताय का?’ एमपीएससीची तयारी करता करता तात्पुरती नोकरी धरणारी मुलं भरपूर असतात आणि निकाल लागला की ती जातात. विचारणाऱ्याने ते पाहिलेलं असतं. खोटं बोलू नका. तयारी थांबवली असेल तर स्पष्ट सांगा, कधी आणि का थांबवलीत तेही. चालू असेल तर या कंपनीत किमान किती काळ टिकून काम कराल, ते स्वतःशी ठरवूनच जा.

दुसरं रूप: ‘गावाकडे शेती किती आहे? कोण बघतं?’ ही चौकशी आपुलकीची वाटते, आणि कधी असतेही. पण बऱ्याचदा विचारायचं असतं ते हजेरीबद्दल: पेरणी, लग्नसराई, गावची जत्रा यांत सलग सुट्ट्या पडतील का? ‘शेती भाऊ बघतो, मला वर्षातून एकदा-दोनदा जावं लागतं, ते मी आधी कळवून जातो’ असं म्हटलं की विषय संपतो.

‘राहायला कुठे?’ याचंही तसंच. चाकणच्या तळेगाव चौकातली आणि नाशिक रस्त्यावरची कोंडी सर्वांना माहीत आहे. कात्रजहून रोज वेळेवर कसे येणार, हा त्यामागचा प्रश्न असतो. कंपनीची बस कुठून जाते याची चौकशी करून गेलात, किंवा ‘निवड झाली तर चिखलीत खोली बघणार आहे’ म्हणालात, तर तिथेच समाधान होतं.

गॅप आणि कागदपत्रं

शिक्षणात किंवा नोकरीत खंड असेल तर कारण एका वाक्यात सांगा, त्या काळात काय केलंत ते दुसऱ्या वाक्यात. आजारपण, घरची अडचण, परीक्षेची तयारी, यांतलं काहीही चालतं. न चालणारी गोष्ट म्हणजे तारखा सरकवणं. पीएफच्या यूएएनमध्ये (सगळ्या नोकऱ्यांसाठी एकच असलेल्या खाते क्रमांकात) तुमच्या प्रत्येक नोकरीची रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख दिसते, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ती नोंद मागतात. सहा महिन्यांचा खंड माफ होतो. तो झाकायला लिहिलेला खोटा अनुभव हातातली ऑफर घालवतो.

मुलींना विचारले जाणारे प्रश्न

‘लग्न कधी करणार?’, ‘मूल लहान आहे, सांभाळेल कोण?’ हे प्रश्न आजही विचारले जातात आणि ते विचारले जाऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. मागची काळजी कळते: लांब रजा, बदली, नोकरी सोडणं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, आणि जिथे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नाही तिथे तो खर्च मालकावर पडतो. पण भरतीत स्त्री म्हणून डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्यात बंदी होती, आणि वेतन संहितेतही ती कायम आहे. कुणी विचारलंच तर खासगी आयुष्याचा तपशील द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. उत्तर कामाकडे वळवा: ‘शिफ्ट आणि प्रवासाची गरज मला कळली आहे, त्यासाठी मी तयार आहे. यात आणखी काही अपेक्षा असेल तर सांगा.’ आणि एकाच मुलाखतीत हा विषय पुन्हा पुन्हा निघाला, तर त्या कंपनीबद्दल तुम्हालाही काहीतरी कळलेलं असतं.

पायरी ४: पगाराचा प्रश्न आकड्यांनी सोडवा

‘अपेक्षा किती?’ हे विचारणाऱ्याकडे जागेसाठी मंजूर झालेली एक रक्कम असते. तुम्ही तिच्या फार वर असाल तर वेळ वाया जायला नको, आणि तिच्या काठावर असाल तर वरून परवानगी काढावी लागेल, म्हणून तो आधीच विचारतो. नोटीस पिरियड आणि ‘दुसरी ऑफर आहे का?’ हे प्रश्न याच्या जोडीने येतात. आयटीत बऱ्याच ठिकाणी नोटीस ९० दिवसांची असते. त्या तीन महिन्यांत उमेदवार आणखी चार ऑफर गोळा करतो आणि रुजू व्हायच्या दिवशी येत नाही, हा एचआरचा नेहमीचा अनुभव. दुसरी ऑफर असेल तर लपवू नका. फक्त ‘काम पसंत पडलं तर मी इथे का येईन’ हे तिच्या बरोबरीने सांगा.

स्वतःचा आकडा सांगण्याआधी सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम यांतला फरक मांडून बघा. वार्षिक सीटीसी ४,८०,००० धरू, म्हणजे महिन्याला ४०,०००. बेसिक निम्मं, २०,०००. कंपनीचा पीएफ पूर्ण बेसिकवर १२ टक्के, २,४००. ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या ४.८१ टक्के, सुमारे ९६२. हे दोन्ही सीटीसीत धरले असतील तर ग्रॉस उरतो सुमारे ३६,६००. त्यातून तुमचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात साधारण ३४,०००. सीटीसीतले वर्षाला ४८,००० ‘व्हेरिएबल’, म्हणजे दरमहा हातात न येता कामगिरीवर मिळणारे, असतील, तर दरमहा ३०,०००. काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापतात, तिथे आकडे थोडे बदलतील. हे गणित डोक्यात असेल तर ‘हातात ३४,००० पडतील अशी अपेक्षा आहे, व्हेरिएबल किती धरलंय?’ असं नेमकं विचारता येतं. घासाघीस करताना अडखळायला होत नाही.

पायरी ५: पाच-सहा प्रसंग तयार ठेवा, शंभर उत्तरं नकोत

प्रश्नांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या कामातले पाच-सहा प्रसंग निवडा: एक तांत्रिक अडचण, एक चूक, एक वाद, दबावाखाली केलेलं एक काम, स्वतःहून शिकलेली एक गोष्ट, आणि जमल्यास पैसे किंवा वेळ वाचवल्याचं एखादं उदाहरण. प्रत्येकाखाली परिस्थिती, तुमची जबाबदारी, तुम्ही केलेली कृती आणि परिणाम एवढं लिहा. कृतीला सर्वांत जास्त जागा द्या. मग मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. दोन मिनिटांच्या वर जात असेल तर परिस्थितीचं वर्णन कापा, कारण पसारा नेहमी तिथेच होतो.

भाषेबद्दल एक सांगतो. मराठी माध्यमातल्या मुलांची अर्धी ताकद इंग्रजीच्या धाकात जाते. कारखान्यात इंग्रजी कशाला हवं असतं? कस्टमरला मेल लिहायला, ऑडिटरला उत्तर द्यायला, ड्रॉइंगवरची टीप वाचायला. काळजी तेवढीच असते. इंग्रजीत सुरुवात करा, आणि तांत्रिक प्रसंग सांगताना अडलात तर सरळ विचारा, ‘सर, हा भाग मी मराठीत किंवा हिंदीत सांगू का?’ चाकणच्या पॅनेलवर बहुतेक जण हो म्हणतात. मोडक्या इंग्रजीत अर्धवट सांगितलेल्या कामापेक्षा मराठीत नीट सांगितलेल्या कामाला गुण जास्त पडतात. मेल लिहिण्याचा सराव मात्र खराच करा.

प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. उत्तर येत नसेल तर ‘हे मी केलेलं नाही, पण अमुक ठिकाणाहून सुरुवात करेन’ म्हणा. अंदाजाने ठोकून दिलेलं तांत्रिक उत्तर लगेच कळतं.

पायरी ६: ‘तुम्हाला काही विचारायचंय?’

‘नाही सर’ म्हणून उठू नका. तुम्हाला ही नोकरी हवी आहे की कुठलीही चालेल, ते यातून दिसतं. ‘ही जागा नवीन आहे की कोणाच्या जागी?’, ‘पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून कोणतं काम पूर्ण व्हायला हवं?’, ‘सध्या कोणत्या पार्टवर जास्त तक्रारी आहेत?’ यांतले दोन पुरेत. पहिल्या पायरीत तुम्ही बांधलेले अंदाज बरोबर होते का, तेही इथेच कळतं. सुट्ट्या आणि कँटीनची चौकशी एचआरकडे करा.

मुलाखत संपली की त्याच संध्याकाळी विचारलेले प्रश्न वहीत उतरवा. कुठे अडखळलात आणि तिथे समोरच्याची काळजी काय असावी, ते समोर लिहा. निकालाची तारीख सांगितली असेल तर ती उलटल्यावर एक मेल किंवा फोन करण्यात काही वावगं नाही. आणि लेखी ऑफर लेटर हातात येईपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका, तोंडी शब्द कितीही भरवशाचा वाटला तरी. लेटरमध्ये पद, कामाचं ठिकाण, पगाराची फोड, प्रोबेशनचा काळ आणि नोटीस पिरियड हे पाच मुद्दे मुलाखतीत बोलल्याप्रमाणे आहेत ना, हे सही करण्याआधी तपासा. फरक असेल तर एचआरला मेलवर विचारा आणि उत्तरही मेलवरच घ्या.